राहत्या घराचं काम काढताना : ना-हरकत पत्रापासून डिपॉझिट परत मिळेपर्यंत

आमचं घर मुलुंड पूर्वेला, १९८३ साली बांधलेल्या पाच मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि वेगळा संडास. माणसं पाच : सासूबाई (वय ७४, त्यांना मी आई म्हणते), आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. एवढ्या वर्षांत घराला रंग अधूनमधून लागत राहिला, पण तोडफोडीचं काम कधी निघालं नव्हतं. ते २०२५ मध्ये काढलं. राहत्या घराचं काम काढायचं म्हटलं की पहिला धसका बसतो तो सुरुवात कुठून करायची याचा. आधी कोणाला भेटायचं, कोणते कागद लागतात, कशानंतर काय करायचं, पैसे नेमके कुठे जातात, हे सांगणारं कुणीतरी मला तेव्हा हवं होतं. म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवतेय.

कामाचं निमित्त आईंचं. डिसेंबर २०२४ मध्ये न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला. दाराची कडी हाताला लागली म्हणून पडल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्या अंघोळीला जाताना घाबरायला लागल्या आणि आम्ही बाहेर कान लावून उभं राहायला लागलो. त्याच महिन्यात मुलीनं विचारलं, “पुढच्या वर्षी दहावी. मी बसू कुठे अभ्यासाला?” तेव्हा ती पलंगावर मांडी घालून लिहायची. दोन्ही प्रश्न खरे होते, दोन्ही घराच्या आखणीचे होते. मग काम एकदाच आणि नीट काढायचं ठरलं.

पहिल्यांदा ज्या डिझायनरला बोलावलं त्यानं टॅबलेटवर तयार हॉल दाखवले. करड्या भिंती, जिप्समचं छत, त्यात लपवलेले दिवे. सुंदर होते, पण त्यात आमचं कुणीच बसलेलं मला दिसेना. आई पेपर कुठे वाचणार, भाजी कुठे निवडणार? मुलाचं क्रिकेटचं किट कुठे जाणार? नवऱ्याला आठवड्यातून दोन दिवस घरून काम असतं, त्याच्या मीटिंगा कुठे होणार? त्यांना नम्रपणे नको म्हटलं आणि आम्ही आधी एक वही केली. आठवडाभर त्यात फक्त नोंदी : कोण, कोणत्या वेळी, कुठे, काय करतं, आणि रात्री झोपताना कोणत्या वस्तू जागेवर नसतात.

या वहीनं जे दाखवलं ते फूटपट्टीनं दाखवलं नसतं. आई दिवसातले चार-पाच तास हॉलच्या खिडकीपाशी असतात, पण तिथे त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची सोडून काहीच नव्हतं. खिडकीखालची चांगली सहा-साडेसहा फूट जागा जुन्या शोकेसनं अडवली होती आणि ती शोकेस वर्षातून एकदा, दिवाळीत उघडत होती. जेवणाच्या टेबलावर रोज रात्री त्याच वस्तू सापडायच्या : पेपर, औषधांचा डबा, चष्मे, चार्जर, शाळेच्या सूचनांचे कागद. म्हणजे त्यांना घर नव्हतं. स्वयंपाकघरात ओट्याची उंची तीस इंच, त्यामुळे माझी आणि नवऱ्याची पाठ रोज दुखायची. आणि आई भाजी चिरायला जमिनीवर विळी घेऊन बसायच्या, उठताना फ्रिजचं हँडल धरायच्या. सुरीनं चिरा असं त्यांना सांगून काही उपयोग नव्हता. पन्नास वर्षं विळीवर हात बसलाय, मेथी त्या डोळे मिटून चिरतात. ती सवय सोडायला लावण्यापेक्षा विळी वर उचलता येते का ते पाहायचं ठरवलं.

इथे आम्ही थोडा वेळ काढला आणि त्याचं मला आजही समाधान आहे. इमारतीच्या मागे पडलेल्या विटा वॉचमनकाकांना विचारून आणल्या. खिडकीशी विटांचे थर रचून वर फळी टाकली आणि आईंना बसवलं. पंधरा इंचांवर उठताना त्रास, एकोणीसवर पाय टेकेनात, सतरा इंच उत्तम. मग त्यांच्यासमोर दुसरी फळी ठेवून त्यावर विळी मांडली. पंचवीस इंचांवर खांदा उचलावा लागत होता. तेवीसवर हात सहज चालला आणि गुडघेही खाली मावले. पाटावर पाय ठेवल्याशिवाय विळी हलते, म्हणून विळीचा पाट घट्ट बसेल अशी लाकडी खाच करायची हेही तिथेच ठरलं. कागदावरच्या रेघेपेक्षा विटांवरची बैठक जास्त खरं बोलते. ज्यांच्या घरात वयस्कर माणसं आहेत त्यांनी काहीही बनवण्याआधी हे जरूर करा. खर्च शून्य.

जानेवारीत दरपत्रकं मागवली. त्यांची तुलना करणं हेच मोठं काम होतं. कुणी रनिंग फुटानं दर दिला, कुणी चौरस फुटानं, कुणी पूर्ण घराचा एकच आकडा. एकाच्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलेला, दुसऱ्याच्या तळाशी बारीक अक्षरात ‘कर वेगळा’. शेवटी मीच एक तक्ता केला आणि सगळ्यांना तोच भरायला दिला : माल किती, मजुरी किती, प्लायवूड कोणत्या दर्जाचं, लॅमिनेट किती मिलिमीटर, बिजागऱ्या आणि चॅनल कोणत्या कंपनीचे, मलबा उचलणं धरलंय का, कर धरलाय का. दोघांनी तक्ता भरायला नकार दिला. त्यांची नावं तिथेच बाजूला झाली.

प्लायवूडचं थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे माणूस गोंधळतो. नुसतं ‘वॉटरप्रूफ प्लाय’ या शब्दाला फारसा अर्थ नाही. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस क्रमांक असतो तो बघायचा. आयएस ३०३ मध्ये एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) आणि बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) असे दोन दर्जे येतात; एमआर कोरड्या खोलीतल्या कपाटांना चालतं, बीडब्ल्यूआर जास्त ओल सोसतं. आयएस ७१० म्हणजे मरीन, सिंकखालच्या आणि पाण्याजवळच्या कामासाठी. आम्ही सिंकखाली मरीन, बाकी स्वयंपाकघरात बीडब्ल्यूआर आणि खोल्यांत एमआर घेतलं. सगळीकडे मरीन लावायचा आग्रह कुणी धरला तर पैसे उगाच जातात.

शेवटी गवंडी, प्लंबर आणि वायरमन एका स्थानिक कंत्राटदाराकडून, आणि सुतारकाम वेगळ्या मिस्त्रींकडे असं ठरलं. दहा टक्के आगाऊ, पुढचे हप्ते काम पुरं होईल तसे, आणि शेवटचे दहा टक्के सगळं संपल्यावर महिन्याभरानं. तीन पानी साधा करार केला. त्यात हप्त्यांच्या तारखा न लिहिता कामाचे टप्पे लिहिले : ‘पाणी साठवून चाचणी झाल्यावर’, ‘वायरिंगचे पाइप बुजवण्याआधी’. पुढे याचा फार उपयोग झाला.

आता परवानग्या. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडून मोकळं करावं असं नवऱ्याच्या मनात होतं, आणि मला वरती एक नवा पोटमाळा हवा होता. आम्ही एका स्ट्रक्चरल इंजिनियरना घर दाखवलं (फी ६,००० रुपये). त्यांनी स्वच्छ सांगितलं. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ मध्ये ‘टेनंटेबल रिपेअर्स’ म्हणून जी कामं धरली आहेत, म्हणजे प्लास्टर, रंग, लाद्या बदलणं, संडास-न्हाणीघराची दुरुस्ती, नळ, ड्रेनेज आणि विजेच्या फिटिंगची कामं, त्यांना पालिकेची परवानगी लागत नाही. पण घराची आहे ती मापं बदलणं, भार पेलणारी भिंत किंवा बीम-कॉलमला हात लावणं, नवा पोटमाळा घालणं यातलं काहीही त्यात बसत नाही. त्यासाठी परवान्याची रीतसर प्रक्रिया करावी लागते. आम्ही दोन्ही बेत सोडले. भिंत राहिली, आणि ती राहिली म्हणून फोडणीचा वास हॉलमध्ये येत नाही, मुलीचा अभ्यास मिक्सरच्या आवाजात होत नाही. उघडं स्वयंपाकघर दिसायला छान असतं, पण रोज दोन वेळा फोडणी पडणाऱ्या घरात मला ते आता नकोच वाटतं.

पालिकेची परवानगी लागत नसली तरी सोसायटीची ना-हरकत लागतेच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेक्रेटरी काकांकडे अर्ज दिला. सोबत कामाची यादी, साधा नकाशा, इंजिनियरचं ‘बीम-कॉलमला धक्का नाही’ असं पत्र, कंत्राटदाराचं पत्र, येणाऱ्या कामगारांच्या आधार कार्डांच्या प्रती आणि हमीपत्र. हमीपत्राला मुद्रांक लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या जागी पाचशेचा झालाय, तोच घेतला. पंचवीस हजारांचा परत मिळणारा डिपॉझिटचा चेक आणि पाच हजार परत न मिळणारे, लिफ्ट आणि जिन्याच्या स्वच्छतेपोटी.

समितीची बैठक महिन्यातून एकदाच होते, त्यामुळे अर्ज बैठकीच्या आदल्या आठवड्यात पोहोचेल असा बघावा, नाहीतर पुढचा महिना. आमचा अर्ज मंजूर झाला, पण अट आली : इमारतीत दोन मुलं दहावीला आहेत, परीक्षा १७ मार्चला संपेपर्यंत तोडफोड नाही. मला ती अट पूर्ण मान्य होती. पुढच्या वर्षी आमच्या घरात दहावी असणार होती. बाकी नियम असे : काम सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, रविवारी आणि सणाला सुट्टी, सिमेंट-रेतीच्या गोण्या लिफ्टनं न्यायच्या नाहीत, मलबा जिन्यात ठेवायचा नाही.

हा मधला महिना वाया जाऊ दिला नाही. महानगर गॅसला पाइपलाइन तात्पुरती काढण्यासाठी कळवून ठेवलं. ओट्याची उंची बदलणार असेल तर हे आधी करा. हा पाइप कुठल्याही प्लंबरकडून हलवून घेऊ नका, त्यांचीच अधिकृत माणसं येतात आणि त्यांची तारीख मिळायला वेळ लागतो. समोरचा फ्लॅट रिकामा होता, मालक पुण्याला असतात. त्यांना फोन केला. त्यांनी दोन महिन्यांसाठी किल्ली दिली, वीज-पाण्याचे पैसे आम्ही भरायचे. अंघोळ आणि इंडक्शनवरचा स्वयंपाक तिथे झाला, त्यामुळे भाड्याचं घर घ्यावं लागलं नाही. आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन त्यांच्या न्हाणीघराच्या छताचे फोटो, त्यांच्यासमोर, तारखेसकट काढून त्यांनाही पाठवले. काकू म्हणाल्या, “बरं केलंस गं, उद्या काही झालं तर बोलायला तोंड राहतं.” खालच्या घराशी संबंध चांगले असतील तेव्हाच हे करून घ्यावं.

आई निघायच्या आधी एक काम केलं. न्हाणीघरात खुर्ची ठेवून त्यांना बसवलं, उठवलं, वळवलं आणि त्यांचा हात आपसूक जिथे जातो तिथे भिंतीवर पेन्सिलनं खुणा केल्या. त्या मापांचा कागद कंत्राटदाराला दिला. आधाराच्या दांड्या त्या खुणांवर बसल्या. दुकानदारानं सांगितलेली ‘स्टँडर्ड’ उंची त्यांच्या हातापेक्षा दोन इंच वर होती. मग गुढीपाडवा (३० मार्च) घरात साजरा करून वन्सं आईंना नाशिकला घेऊन गेल्या.

२ एप्रिलला काम सुरू झालं. मुलीची वार्षिक परीक्षा एप्रिलच्या अखेरपर्यंत असल्यामुळे तिच्या खोलीला शेवटी हात लावायचा असं ठरवून न्हाणीघर आणि स्वयंपाकघर आधी घेतलं.

न्हाणीघर फोडल्यावर जुने लोखंडी पाइप आतून इतके गंजलेले निघाले की पाण्याला जायला बोटभर वाट राहिली होती. सगळे सीपीव्हीसीचे (प्लॅस्टिकचे) टाकले. जुना भराव काढून स्लॅबपर्यंत साफ केलं, वॉटरप्रूफिंगचे थर दिले आणि तोंडं बंद करून पाणी साठवलं. दुसऱ्या दिवशी काकूंच्या छतावर, बरोबर नहाणी ट्रॅपच्या (जमिनीवरचं पाणी जिथून खाली जातं त्या जागेच्या) खाली, तळहाताएवढी ओल दिसली. कंत्राटदार म्हणाला, “मॅडम, वर कोबा आला की थांबेल.” करारात टप्पा लिहिलेला होता, म्हणून वाद न घालता एवढंच सांगितलं की चाचणी पास होईपर्यंत पुढचा हप्ता नाही. ट्रॅपच्या भोवतीचा भाग पुन्हा उकरून भरला, पुन्हा पाणी साठवलं, या वेळी पूर्ण अठ्ठेचाळीस तास. छत कोरडं. मग ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर), आणि त्यावर पुन्हा एकदा पाणी. या सगळ्यात आठवडा वाढला. पण लाद्या बसल्यावर गळती सापडली असती तर सगळं पुन्हा फोडावं लागलं असतं. वरच्या घराच्या न्हाणीघरामुळे खाली गळलं तर खर्च वरच्यानं करायचा असतो, हेही लक्षात असू द्या.

न्हाणीघरात तीन गोष्टी अशा केल्या ज्या फोटोत दिसणार नाहीत. दार बाहेर उघडणारं केलं, कारण आत कुणी पडलं आणि दाराला टेकून राहिलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कडी अशी घेतली की गरज पडल्यास बाहेरून नाण्यानं फिरवता येते. आणि उंबऱ्याची दोन इंची पट्टी काढून अर्ध्या इंचाची, उताराची बसवली. लादी खरखरीत, फिकट रंगाची, आणि भिंतीची त्याहून गडद, म्हणजे कमी दिसणाऱ्याला जमीन कुठे संपते ते कळतं. संडासातला कमोड जमिनीपासून अठरा इंचांवर.

वायरिंग पूर्ण बदललं. दिव्यांना दीड, साध्या प्लगना अडीच, गीझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटरची तार, आणि मेन बोर्डवर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). भिंती बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो मेजरिंग टेप लावून काढला. आता खिळा ठोकताना तो फोटो उघडतो. आईंच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जमिनीपासून फूटभर उंचीवर मंद दिवे लावले, माणसाची चाहूल लागली की लागतात.

आता लाद्या. हॉल आणि आईंच्या खोलीत मूळच्या दहा इंची मोझॅकच्या लाद्या आहेत, पिवळसर, त्यात काळे-तांबडे दगडाचे तुकडे. घरी आलेल्या प्रत्येकानं सांगितलं, वरूनच व्हिट्रिफाइड टाका, दोन दिवसांत नवं घर. वरून टाकलं की जमीन वर येते, सगळी दारं खालून कापावी लागतात आणि स्लॅबवर वजन वाढतं. पण त्याहून मोठं कारण म्हणजे मला ती लादी आवडते. तिच्यावर मुलं रांगली, उन्हाळ्यात तिच्यावर नुसतं पडलं तरी गार वाटतं. स्वयंपाकघराची जमीन ड्रेनेजसाठी उखडावीच लागणार होती, तिथली लादी हीच होती. गवंड्याला जास्तीचे पैसे देऊन त्यातल्या होतील तेवढ्या न फुटता काढून घेतल्या आणि हॉलमधल्या तडकलेल्या लाद्यांच्या जागी बसवल्या. मग घिसाई. जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत मशीन फिरतं, घरभर राखाडी चिखल होतो, आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडनं चमक येते. पहिल्या फेऱ्या सुतारकामाआधी, शेवटची चमक रंगानंतर. तो चिखल मोरीत सोडू देऊ नका, पाइपमध्ये घट्ट बसतो. बादल्यांत भरून मलब्याबरोबर पाठवायचा. दोनशे सत्तर चौरस फुटांना जेमतेम बारा हजार लागले. नव्या लाद्यांचा अंदाज याच्या कितीतरी पट होता.

मलबा कंत्राटदारानं कुठेतरी नाक्यावर टाकू नये म्हणून आधीच पालिकेच्या टी विभाग कार्यालयात ‘डेब्री ऑन कॉल’ची, म्हणजे पैसे भरून पालिकेकडून मलबा उचलवून घ्यायच्या सोयीची, चौकशी केली होती. पैसे भरल्याची पावती जपून ठेवा. सोसायटी डिपॉझिट परत देताना ती मागते.

जुना ओटा कडप्प्याचा होता. नवा ग्रॅनाइटचा तेहेतीस इंचांवर बांधला, आणि कडप्पा फोडायला निघालेल्या माणसांना थांबवून त्यातला चांगला तुकडा दगड कापणाऱ्याकडून कापून घेतला. खिडकीखालच्या बैठकीच्या टोकाला, आईंच्या समोर येईल असा, तेवीस इंचांवर तो बसवला. एका बाजूला विटांचा आधार, कारण दगड जड. त्याला विळीची खाच असलेली सागवानी पट्टी. त्या दगडाची एक कड वर्षानुवर्षं हात फिरून गुळगुळीत झालेली होती. ती बाजू आईंकडे ठेवली. पावसात खिडकीतून शिंतोडे आले तरी दगडाला काही होत नाही, भाजीची माती पुसली की झालं.

बाकीची बैठक मिस्त्रींनी केली. खाली ड्रॉवर ठेवले, वरून उघडणारी झाकणं नाहीत. झाकण उघडायला आधी गादी काढावी लागते, आणि ते आईंना जमणारं नव्हतं. पहिला ड्रॉवर पेपर आणि चष्म्यांचा, दुसरा औषधांचा, खालचे पाहुण्यांच्या चादरींचे. जेवणाचं टेबल तेव्हापासून रिकामं असतं. चार्जर आणि शाळेचे कागद यांना दाराजवळ एक उथळ फडताळ दिलं, सहा इंच खोल, त्यातच प्लग.

सासऱ्यांनी घेतलेलं सागवानी कपाट सात फूट उंच आणि दोन फूट खोल होतं, मुलांच्या खोलीचा पाव हिस्सा त्यानंच घेतला होता. विकायचा विषय निघाला की आई गप्प व्हायच्या. मिस्त्रींनी ते खोलून पाहिलं. मागची फळी वाळवीनं गेलेली, पण दारं आणि चौकट ठणठणीत. त्यांनी हातानं दार वाजवून म्हटलं, “असं लाकूड आता मिळत नाही.” त्या दारांची मुलांच्या खोलीत भिंतीला लागून पंधरा इंच खोलीची कपाटं झाली, आणि दोन कपाटांच्या मधे मुलीचं टेबल. तिला बाकी काय हवं होतं? पडदा. ओढला की आतली जागा तिची एकटीची. आणि टेबलामागची भिंत गडद निळी. मला तो रंग खोलीला जड वाटत होता. दोन फूट बाय दोन फुटांचे तीन नमुने भिंतीवर लावले, सकाळी, दुपारी आणि दिव्यात पाहिले. तिनं निवडलेलाच राहिला, आणि त्या कोपऱ्यात तो खरंच शोभतो.

सुतारकाम मेअखेर संपलं, पण पाऊस आधीच आला. मेच्या मध्यापासूनच सरी पडत होत्या आणि २६ मे रोजी मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला, नोंदींप्रमाणे इतक्या लवकर कधीच नाही. भिंतींवर पुट्टी लागलेली, वाळेना. रंगाऱ्याला पुढचं काम धरायचं होतं, तो प्रायमर मारतो म्हणत होता. आम्ही भिंतीवर प्लॅस्टिकचा फूटभर चौकोन सगळ्या बाजूंनी चिकटपट्टीनं लावला, सकाळी आतून थेंब दिसले. ओल आहे. त्यावर रंग मारला असता तर दिवाळीपर्यंत पापुद्रे आले असते. जूनच्या सुरुवातीला पावसानं उघडीप दिली, पंखे रात्रंदिवस लावले, पुन्हा प्लॅस्टिक लावून बघितलं, आणि मगच रंगारी आला. त्याला थांबल्याचे दोन दिवसांचे पैसे दिले. १६ जूनला शाळा सुरू झाल्या तेव्हा मुलांची खोली तयार होती, हॉलचा शेवटचा हात राहिला होता. त्या दिवसांत घरात चिडचिड खूप झाली. धूळ, ओले कपडे, रोज नवा निर्णय. संध्याकाळी सहानंतर कामाचा विषय जेवण होईपर्यंत काढायचा नाही असं ठरवलं, त्यानं बरंच निभावलं.

आषाढी एकादशीला, ६ जुलैला, वन्सं आईंना घेऊन आल्या. आईंनी आधी देवघर पाहिलं, ते जागच्या जागी होतं. मग बैठकीवर बसून दगडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “अगं, हा आपला ओटा!” दुसऱ्या दिवशी गवार निवडायला तिथेच बसल्या. न्हाणीघराच्या दांड्यांची सवय व्हायला मात्र महिना गेला. सुरुवातीला त्या जुन्या कडीचीच जागा शोधायच्या, म्हणून तिथेही एक छोटी दांडी लावून घेतली.

खर्चाचं विचारलं जातं म्हणून लिहिते. न्हाणीघर-संडास १,८५,०००, वायरिंग ७८,०००, स्वयंपाकघर २,४०,०००, सुतारकाम ३,१०,०००, रंग ९२,०००, घिसाई १२,०००, इंजिनियर, मुद्रांक, मलबा, सोसायटी मिळून १८,०००. एकूण नऊ लाख पस्तीस हजार. आठ लाख ठरवले होते आणि एक लाख वेगळा ठेवला होता. जास्तीचं बरंचसं पाइप आणि वायरिंगमध्ये गेलं, जे भिंत उघडल्याशिवाय कळतच नाही. त्यामुळे अशा जुन्या घराला ठरवलेल्या रकमेच्या वर पंधरा टक्के तरी बाजूला ठेवा, आणि छत-दिवे-शोभेच्या गोष्टी यादीत सगळ्यात खाली ठेवा.

डिपॉझिटसाठी जुलैअखेर अर्ज दिला. सोबत काम संपल्याचं पत्र, मलब्याची पावती, आणि काकूंचं ‘गळती नाही’ असं दोन ओळींचं लेखी. सेक्रेटरी काका आणि एक समिती सदस्य येऊन पाहून गेले, ऑगस्टच्या बैठकीत मंजुरी झाली आणि गणपतीच्या (२७ ऑगस्ट) आदल्या आठवड्यात पंचवीस हजार खात्यात आले. कंत्राटदाराचे शेवटचे दहा टक्केही त्याच सुमारास दिले. तोवर सिंकखालचा एक सांधा आणि एका ड्रॉवरचं चॅनल त्यानं आणि मिस्त्रींनी येऊन नीट करून दिलं होतं.

आता एका फाइलमध्ये भिंतींचे फोटो, पाइपांचा नकाशा, रंगांचे क्रमांक, बिलं आणि वॉरंटी कार्डं आहेत, आणि नव्या लाद्यांची एक पेटी पलंगाखाली. मुलाच्या बाजूची भिंत अजून पांढरीच आहे. त्याला तिथे काय हवं ते दर आठवड्याला बदलतं, म्हणून सध्या खालच्या चार फुटांना धुता येणारा रंग लावून दिलाय. तो पाचवीत गेला की ते काम काढू.